कामाचं बिऱ्हाड नव्या कॉम्प्युटरवर हलवताना

कामाचा कॉम्प्युटर बदलायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "डेटा किती आहे?" पण डेटा हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. फायली दिसतात, मोजता येतात, उचलून दुसरीकडे ठेवता येतात. काम अडतं ते न दिसणाऱ्या गोष्टींपाशी: ब्राउझरने कधीकाळी लक्षात ठेवलेला पासवर्ड, ईमेलखालची सही, एक्सेलमध्ये ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणारा मॅक्रो, स्कॅनरला सांगून ठेवलेला फोल्डर. या गोष्टी आपण मुद्दाम कधी सेव्ह केलेल्या नसतात, त्यामुळे हलवायच्या यादीतही त्या येत नाहीत.

माझ्या एका बदलात स्टिकी नोट्स राहून गेल्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं कॉपी झालं होतं, दोनदा तपासून झालं होतं. त्याच संध्याकाळी जुनं मशीन फॉरमॅट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ग्राहकाचा कोड हवा होता आणि सवयीने नजर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे पिवळ्या चिठ्ठ्या नव्हत्या. तीन वर्षांत जमलेले कोड, कुठल्या पोर्टलवर कुठला फॉर्म आधी भरायचा याचा क्रम, दोन एक्स्टेन्शन नंबर, सगळं गेलं. या चिठ्ठ्या डेस्कटॉपवर दिसतात, पण डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये नसतात. त्या युजरच्या 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये साठतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलेलं असतं तर सिंक झाल्या असत्या. मी ते केलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. यादी आठवडाभर आधी सुरू करायची, आणि जुनं मशीन महिनाभर तरी पुसायचं नाही. मधल्या पायऱ्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी या दोन गोष्टी सांभाळल्या की चूक निस्तरता येते.

आठवडाभर आधी: वही काढा

कीबोर्डशेजारी एक वही ठेवा. ही यादी त्याच कॉम्प्युटरवर करू नका, कारण ती सगळ्यात जास्त लागेल ती मशीन बंद असताना. आठवडाभर नेहमीचं काम करत राहा आणि जे जे उघडाल ते लिहा: कुठला प्रोग्राम, कुठली वेबसाइट, फाइल कुठल्या फोल्डरमधून उघडली, पासवर्ड तुम्ही टाइप केला की आपोआप भरला गेला. या शेवटच्या रकान्याचा कंटाळा करू नका. आपोआप भरला जाणारा पासवर्ड सहसा तुम्हाला पाठ नसतो, आणि तो पाठ नाही हे नव्या मशीनसमोर बसल्यावरच कळतं.

आठवड्यात रोजची कामं यादीत येतील. महिन्याची, तिमाहीची, वर्षातून एकदाची येणार नाहीत. त्यासाठी ईमेलमधला 'सेंट' विभाग उघडा आणि मागच्या बारा महिन्यांत काय काय पाठवलं ते महिन्यागणिक चाळा. कुठला अहवाल कधी गेला, तो कशात तयार केला होता, त्यासाठी कुठलं छोटं सॉफ्टवेअर लागलं होतं, हे तिथे आपोआप आठवतं. ब्राउझरची हिस्टरी या कामाला पुरत नाही, कारण क्रोम साधारण ९० दिवसांचीच हिस्टरी दाखवतो.

मग अर्धा तास काढून स्क्रीनचे फोटो घ्या. डेस्कटॉप, टास्कबार, सेटिंग्जमधली इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची पूर्ण यादी, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, प्रिंटरची यादी, आणि नेटवर्कवरचे ड्राइव्ह त्यांच्या अक्षरांसकट. ड्राइव्हचं अक्षर नीट टिपून ठेवा. जुन्या मशीनवर सर्व्हरचा फोल्डर 'झेड' नावाने जोडलेला असेल आणि नव्यावर तो 'वाय' झाला, तर त्या वाटेवर बेतलेले शॉर्टकट आणि एक्सेलमधल्या लिंका तुटतात. हे फोटो फोनवर घेतलेले बरे.

मशीन कंपनीचं असेल तर याच आठवड्यात आयटी विभागाशी बोला. काय ते हलवणार, काय तुम्ही हलवायचं, बाहेरची हार्ड डिस्क जोडायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. कंपनीचा डेटा स्वतःच्या पेनड्राइव्हवर किंवा खासगी क्लाउड खात्यावर 'दोन दिवसांपुरता' ठेवणं हासुद्धा बऱ्याच ठिकाणी नियमभंगच असतो. स्वतःचे घरगुती फोटो आणि कागदपत्रं त्या मशीनवर असतील तर ती मात्र आत्ताच वेगळी काढून घ्या.

जुन्या सवयीच्या वस्तू नव्याला जोडता येतील का

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण आत्ता विंडोज ११ वर जात आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं जुनं मशीन ३२ बिट विंडोजवर असेल, तर त्याच्यावर चालणारे अगदी जुने १६ बिट प्रोग्राम नव्यावर चालणार नाहीत, आणि प्रिंटर-स्कॅनरचे ३२ बिट ड्रायव्हरही (ते यंत्र विंडोजला जोडून देणारं सॉफ्टवेअर) चालणार नाहीत. नवा लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा) असेल तर आणखी जपा. त्यावर नेहमीचे बरेच प्रोग्राम चालतात, पण हार्डवेअरचे ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेले लागतात. प्रत्येक जोडणीचा मॉडेल नंबर लिहून त्या कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे का ते आजच पाहून ठेवा. पोर्टही मोजा. नव्या पातळ लॅपटॉपला नुसते यूएसबी-सी पोर्ट असतील तर पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन आणि इंटरनेटची केबल यांच्यासाठी हब किंवा ॲडॅप्टर पहिल्या दिवसापासून लागेल.

फायली कुठे कुठे बसलेल्या असतात

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर सगळ्यांना माहीत असतात. त्यातला डाउनलोड्स लोक कचरा समजून सोडून देतात. प्रत्यक्षात ईमेलमधून आलेली आणि उघडून तिथेच दुरुस्त केलेली कितीतरी कामाची कागदपत्रं त्यात पडलेली असतात. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउडच्या बॅकअपवर विसंबून असाल तर आधी सेटिंग्जमध्ये पाहा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स त्यात सहज येतात, डाउनलोड्स येतोच असं नाही.

वनड्राइव्हबाबत आणखी एक. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल या डिस्कवर नाही, तिचं नुसतं नाव आहे. इंटरनेट बंद असताना ती कॉपी होणार नाही. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते.

यानंतर सी ड्राइव्हच्या मुळाशी जा. जुनी हिशेबाची आणि बिलिंगची सॉफ्टवेअर आपला डेटा तिथेच स्वतःच्या नावाचा फोल्डर करून ठेवतात. असा डेटा उचलून नेण्यापेक्षा त्या सॉफ्टवेअरच्या आतल्या 'बॅकअप' पर्यायातून बाहेर काढणं केव्हाही चांगलं. शिवाय डी ड्राइव्ह पाहा, रीसायकल बिन पाहा, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये मागच्या वर्षभरात बदललेल्या फायली शोधा. एखादा विसरलेला फोल्डर यातून हमखास सापडतो.

आता 'ॲपडेटा'. तो दिसण्यासाठी एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. संपूर्ण फोल्डर नव्या मशीनवर ओतू नका. जुन्या प्रोग्रामची अर्धवट सेटिंग्ज येऊन गोंधळ होतो. त्यातल्या मोजक्या गोष्टी हव्या असतात. आउटलुकच्या सह्या 'सिग्नेचर्स' फोल्डरमध्ये असतात. वर्डचे तुमचे साचे 'टेम्प्लेट्स' मध्ये. एक्सेलचे सगळ्या फायलींना लागू होणारे मॅक्रो 'पर्सनल' नावाच्या वर्कबुकमध्ये, 'एक्सएलस्टार्ट' फोल्डरात. 'या शब्दाखाली लाल रेघ नको' असं तुम्ही वर्डला वर्षानुवर्षं सांगत आलात, ते सगळे शब्द 'कस्टम' नावाच्या छोट्याशा शब्दकोशाच्या फाइलमध्ये 'यूप्रूफ' फोल्डरात जमलेले असतात. मराठीत लिहिणाऱ्याने ही फाइल जरूर न्यावी. आडनावं, संस्थांची नावं, कामाच्या संज्ञा पुन्हा एकेक करून शिकवायला फार वेळ जातो.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर फॉन्टही पाहून घ्या. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली नव्या मशीनवर उघडल्या की मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. ते फॉन्ट जुन्या मशीनच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून घेऊन ठेवा. जमल्यास अशी महत्त्वाची कागदपत्रं जुन्या मशीनवर असतानाच पीडीएफ करून ठेवा. टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरता की फोनेटिक, तेही वहीत लिहा.

ईमेल आउटलुकमध्ये येत असेल तर दोन प्रकारच्या फायलींतला फरक कळायला हवा. 'ओएसटी' ही सर्व्हरवरच्या मेलची इथली प्रत. ती न्यायची गरज नाही, नव्या मशीनवर खातं जोडलं की ती पुन्हा तयार होते. 'पीएसटी' ही मात्र तुमची स्वतंत्र फाइल. जुने मेल 'आर्काइव्ह' करून ठेवले असतील तर ते बहुधा फक्त तिथेच असतात. आउटलुक पूर्ण बंद करून मगच ती कॉपी करा.

दुसऱ्यांचं काय अवलंबून आहे

हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. जुना कॉम्प्युटर ऑफिसात कुणासाठी तरी छुपा सर्व्हर झालेला असू शकतो. नेहमीचं उदाहरण स्कॅनचं. कोपऱ्यातल्या मोठ्या प्रिंटरवर कागद ठेवून बटण दाबलं की स्कॅन तुमच्या मशीनवरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडतो, आणि शेजारची तीन माणसं तिथून आपापले कागद उचलतात. तुमचं मशीन गेलं की प्रिंटर नुसता 'एरर' दाखवतो, आणि सगळे प्रिंटर बिघडला समजून त्याच्यावर खटपट करत बसतात. म्हणून शेअर केलेले फोल्डर, शेअर केलेला प्रिंटर, रात्री आपोआप चालणारी 'टास्क शेड्युलर' मधली कामं, हे तिन्ही तपासा आणि ज्यांचं अडेल त्यांना तारीख आधी कळवा. शक्य असेल तर असा फोल्डर या निमित्ताने सर्व्हरवर हलवून टाका.

पासवर्ड, ओटीपी आणि डिजिटल सही

पासवर्ड हलवण्याची चांगली वाट म्हणजे पासवर्ड मॅनेजर किंवा ब्राउझरच्या खात्याचं सिंक. ते नसेल तर ब्राउझरमधून पासवर्ड 'सीएसव्ही' फाइलमध्ये काढता येतात. ही फाइल कुणीही उघडून वाचू शकतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. ती ईमेलने पाठवू नका, क्लाउडवर ठेवू नका. नव्या मशीनवर आत घेतली की त्याच बैठकीत दोन्हीकडून आणि रीसायकल बिनमधूनही काढून टाका. बुकमार्क वेगळे निर्यात करावे लागतात.

विंडोज हॅलोमध्ये (बोट किंवा चेहऱ्याने लॉगिन करायची विंडोजची सोय) त्या मशीनपुरत्या साठवलेल्या पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या, तिथेच राहतात. जिथे जिथे बोट किंवा चेहरा वापरून लॉगिन होता, तिथे जुनं मशीन चालू असतानाच लॉगिनची दुसरी सोय करून ठेवा. तसंच, अनेक पोर्टल तुमचा जुना कॉम्प्युटर ओळखतात म्हणून ओटीपी मागत नाहीत. नव्यावरून ती मागतील. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजचा आहे का, की नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा आहे, हे आत्ता पाहा.

डिजिटल सही यूएसबी टोकनवर असेल तर टोकनबरोबर त्याचा ड्रायव्हर आणि पिन लागतो. चुकीचा पिन ठरावीक वेळा टाकला की टोकन लॉक होतं, तेव्हा अंदाजाने टाकून बघू नका. सही विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये असेल तर ती खासगी कीसकट 'पीएफएक्स' फाइलमध्ये काढावी लागते. बसवताना की निर्यात करायची परवानगी दिलेली नसेल तर ती साध्या मार्गाने निघत नाही आणि सही नव्याने घ्यावी लागते. यात दिवस जाऊ शकतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी तपासायचं.

डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून घ्या. जुन्या मशीनची डिस्क उद्या काढून दुसरीकडे जोडायची वेळ आली, तर या अंकांशिवाय ती उघडणार नाही.

लायसन्सचं थोडक्यात. वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जुन्या मशीनवर साइन-आउट करा. ज्यांना की लागते त्यांची की आणि खरेदीचा मेल शोधून ठेवा. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जुन्यावरून लायसन्स 'सरेंडर' केल्याशिवाय नव्यावर ते चालू होत नाही. मात्र सरेंडर करण्याआधी नव्या मशीनवर डेटा उघडेल याची तयारी पूर्ण करून घ्या.

कॉपीचा दिवस

फोल्डरांची नवी मांडणी करण्याचा मोह या दिवशी आवरा. मी आवरासावर नेहमी नंतर करतो, कारण जुनी आणि नवी मांडणी सारखी असली तरच मोजून ताडून पाहता येतं. आणि 'कट' कधीच नको, फक्त 'कॉपी'. मधेच वीज गेली तर कट केलेल्या फायली अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे होतात.

बॅकअपचा ३-२-१ हा जुना नियम इथे कामाला येतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. जुनं मशीन, बाहेरची हार्ड डिस्क आणि कंपनीचा सर्व्हर किंवा क्लाउड मिळून तो सहज पाळता येतो.

बाहेरची डिस्क 'फॅट३२' फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसणार नाही. मोठी पीएसटी इथेच अडते. 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' असेल तर ही अडचण नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि शेवटी लांबलचक नाव असं असेल, तर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे जाऊन कॉपी थांबते. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावं छोटी करून कॉपी करा. तसं केलंत तर वहीत नोंद ठेवा.

फायली लाखांच्या घरात असतील तर विंडोजमधलीच 'रोबोकॉपी' ही कमांड चांगली, पण दोन गोष्टी सांभाळून. तिला काही न सांगितल्यास न उघडणाऱ्या एका फाइलसाठी ती ३० सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करते. म्हणून प्रयत्नांची संख्या एक-दोनवर आणून ठेवा. आणि 'मिरर'चा पर्याय वापरू नका, कारण मूळ जागी नसलेल्या फायली तो दुसऱ्या जागेवरून पुसतो. सवय नसेल तर साधी कॉपी पुरते, फक्त एकेक फोल्डर करून न्या. वेळेचा अंदाज घ्या: यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला ३० ते ३५ एमबीचा वेग मिळतो, म्हणजे २०० जीबीला पावणेदोन तासांच्या आसपास. बारीक बारीक फायली असतील तर कितीतरी जास्त.

मॅकवरून मॅकवर जाताना 'मायग्रेशन असिस्टंट' बहुतेक गोष्टी आणतो. तरी वही हवीच, कारण लायसन्स, टोकन आणि स्कॅनचा फोल्डर त्याच्या कक्षेत येत नाहीत.

कॉपी झाली की दोन्हीकडे फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या आणि 'साइझ' जुळतात का पाहा. 'साइझ ऑन डिस्क' जुळली नाही तर घाबरू नका, ती डिस्कच्या फॉरमॅटनुसार बदलते. मग प्रत्येक मोठ्या फोल्डरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात ताजी अशा तीन फायली खरोखर उघडून बघा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही.

नव्या मशीनवर

खातं तयार करताना थांबा. विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं तर युजर फोल्डरला ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं नाव मिळतं. जुन्यावर तो तुमच्या पूर्ण नावाने असेल, तर त्या पत्त्यावर बेतलेल्या एक्सेलच्या लिंका फाइल जागेवर असूनही सापडणार नाहीत. नवं नाव जुन्यासारखं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर एक्सेलच्या 'एडिट लिंक्स'मधून पत्ते बदलावे लागतील.

आधी विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्या. मग ड्रायव्हर, मग नेटवर्क ड्राइव्ह त्याच जुन्या अक्षरांनी, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी फायली. सॉफ्टवेअर नव्याने उतरवून बसवा. जुन्या डिस्कवरचं 'सेटअप' शिळं असतं. त्यानंतर वही उघडून एकेक ओळ खरी करून पाहा: प्रिंट काढा, स्कॅन करा, सही लागते ती पीडीएफ सही करून पाहा, स्वतःलाच एक मेल पाठवा. जमलेल्या ओळीवर खूण करा. बँकेचं किंवा मुदतीचं काम असलेल्या दिवशी यातलं काहीही सुरू करू नका.

जुनं मशीन

त्याच्यावर कागद चिकटवा: कधी बंद केलं, कुठल्या तारखेआधी पुसायचं नाही. चार्जर आणि छापलेली रिकव्हरी की बरोबर ठेवा. एक पूर्ण महिनाअखेर नव्या मशीनवर पार पडू द्या, कारण राहून गेलेल्या गोष्टी तेव्हा वर येतात. या काळात जुन्यावर नवीन काम करू नका, नाहीतर एकाच फाइलच्या दोन खऱ्या प्रती तयार होतात.

पुसायच्या दिवशी आधी सगळ्या खात्यांतून साइन-आउट करा. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही. विंडोजच्या 'रीसेट' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून त्याच्या सेटिंग्जमध्ये डेटा साफ करण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कवर पुन्हा पुन्हा वरून लिहिण्याने सगळे कप्पे साफ होतीलच असं नाही, कारण कुठे लिहायचं ते डिस्क स्वतः ठरवते. तिथे आधी पूर्ण डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट करून मग रीसेट करा, किंवा डिस्कच्या कंपनीचं 'सिक्युअर इरेज' वापरा. मॅक असेल तर 'फाइंड माय' बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या माणसाला तो सुरूच करता येणार नाही.

मशीन हातातून देण्याआधी मागच्या बाजूला एकदा हात फिरवा. मेमरी कार्डची खाच, डीव्हीडीचा ट्रे, सहीचं टोकन, आणि वायरलेस माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर. तो सहसा मागच्याच पोर्टात बसलेला असतो.